एका पटावरचे दोन कायदे

माझ्या नावापुढे बी.ए. ही दोन अक्षरं लागली ती यमुनाबाईंमुळे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात माझी बाजू फारशी चांगली नाही. रहाटणीच्या आमच्या घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकसुद्धा नव्हतं. वडील अंगठा उठवायचे, आईला घड्याळ कळत नसे. पवनेचं पात्र ओलांडून मी चिंचवडच्या प्राथमिक शाळेत जाऊ लागलो. तिथे चौथीच्या वर्गावर यमुनाबाई होत्या, आणि चौथी संपली तरी त्यांनी मला सोडलं नाही. हायस्कूलची भूमिती, मॅट्रिकचं इंग्रजी, पुढे कॉलेजचे अर्ज, सगळं त्यांच्या घराच्या पडवीत बसून झालं. माझं अक्षर त्यांनी वळवलं. त्या अक्षराला मी एकदा कशी ओळख दाखवली नाही, ते आज लिहायचं आहे.

चैत्र आला की हे सगळं वर येतं. सोसायटीच्या आवारातल्या गाड्यांवर कडुनिंबाचा बारीक पांढरा मोहोर पडलेला असतो. शाळेच्या फाटकाबाहेर आईबाप पाण्याच्या बाटल्या घेऊन उन्हात ताटकळत असतात. काळेवाडीकडून येणाऱ्या रिक्षांत मुली मांडीवर वही उघडी ठेवून ओठ हलवत बसलेल्या दिसतात. माझ्या वयाची माणसं अशा दिवसांत कैरीचं पन्हं आठवतात, मोगरा आठवतात. मला राग येतो. इतकी वर्षं होऊन गेली, रहाटणीच्या शेतांवर इमारती झाल्या, ज्यांच्यावर रागवायचं ती माणसं गेली, तरी कडुनिंबाचा तो कडसर वास नाकात शिरला की माझ्या कानशिलाशी काहीतरी ठणकू लागतं.

बाई बुद्धिबळ खेळत. त्या काळात चिंचवडमध्ये बायका सागरगोटे खेळत, सारीपाट खेळत. बुद्धिबळ खेळणाऱ्या मला माहीत असलेल्या या एकट्याच. वडिलांनी लहानपणी शिकवलेलं. त्यांचे यजमान रेल्वेत बुकिंग क्लार्क होते, भला माणूस, पण पट पाहिला की जांभई द्यायचे. म्हणून बाई माझ्याशी खेळत. एकीकडे तांदूळ निवडायच्या, मान वर न करता म्हणायच्या, "घोडा मागे घे, मरतोय तो." मी बघायचो, तर खरंच मरत असायचा.

त्यांची सुरुवात ठरलेली. वडिलांकडून आलेली, आणि तिला त्यांच्या माहेरी नावही होतं: ओसरी. मधली प्यादी एकेक घर पुढे, उंट कोपऱ्याच्या आडोशाला, घोडे प्याद्यांच्या मागे, राजा बाजूला सुरक्षित. सात-आठ चाली होईपर्यंत समोरच्याला वाटावं, ही बाई खेळतच नाहीये, घर आवरतेय. "आधी ओसरी बांधायची," त्या म्हणत, "मग येऊ दे कोण येतंय ते." पुढच्या वीस चालींत मी हात जोडलेले असत.

परीक्षेलाही त्यांनी मला हीच ओसरी शिकवली. पेपर हातात आला की दहा मिनिटं टाकाला हात लावायचा नाही. सगळा वाचायचा. मग लहान प्रश्न, जे नक्की येतात ते. मोठ्याला शेवटी भिडायचं. मी पुढे पस्तीस वर्षं मुलांना शिकवलं, त्यांनाही हेच सांगत आलो. कुठून आलं ते मात्र फार थोड्यांना सांगितलं.

तर त्या वर्षीचा चैत्र. पन्नासचं दशक निम्म्याच्या वर सरलं होतं. माझी बी.ए.ची परीक्षा आठ दिवसांवर होती. पिंपरीला कारखाने उभे राहायला लागले होते, गावात नवी माणसं दिसत होती, आणि आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष रावसाहेब यांच्या मनात आलं की आता गाव सुधारलं पाहिजे. त्यांनी बुद्धिबळाचे सामने ठरवले. पुरुषांचे आत, दिवाणखान्यात. आणि चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाच्या दिवशी, बाहेरच्या व्हरांड्यात, बायकांचे. चार जणींनी नावं दिली. जिंकेल तिला पुण्याला महिलांच्या मोठ्या सामन्याला वाचनालयातर्फे पाठवायचं, असं रावसाहेबांनी फळ्यावर लिहून जाहीर केलं.

ते वाचून आल्या दिवशी बाईंनी तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. मला आठवतं, कारण तसं त्या कधी करत नसत.

"शिवराम, पुण्याला किती जणी असतील रे खेळणाऱ्या?"

"वीस-पंचवीस तरी असतील."

"वीस-पंचवीस." त्यांनी तो आकडा तोंडात घोळवला. "मी जन्मात दोघांशी खेळले. एक वडील, एक तू. वडील मुद्दाम हरायचे, आणि तू खराच हरतोस." आणि हसल्या. मग हसू थांबलं. "एकदा तरी कुणीतरी मला नीट हरवायला हवं बघ. म्हणजे कळेल तरी, मी कुठे आहे."

एवढंच हवं होतं त्यांना. वीस-पंचवीस बायकांच्या खोलीत एकदा बसायचं होतं.

सामने नव्या नियमांनी होणार होते. आमच्याकडे तोवर देशी पद्धत चालायची. देशी खेळात प्यादं पहिल्यापासून एकच घर चालतं. नव्या पद्धतीत पहिल्या चालीला दोन घरं चालता येतं. देशी खेळात शेवटच्या ओळीत पोचलेलं प्यादं ज्या घरात पोचेल त्या घरचा मोहरा होतं, घोड्याच्या घरात घोडा, हत्तीच्या घरात हत्ती. नव्या पद्धतीत खेळाडू मागेल तो मोहरा मिळतो. रावसाहेबांनी पुण्याहून नियम मागवले आणि "तुझं अक्षर चांगलं आहे" म्हणून ते मला मोठ्या कागदावर उतरवून काढायला सांगितले. मी बोरूने लिहिले, ठळक. बाईंनाही त्याच संध्याकाळी ते वाचून दाखवले. त्यांनी मान डोलावली. "दोन घरं चालता येतं. चाललंच पाहिजे असं नाही ना?" मी म्हटलं, "नाही." "मग माझी ओसरी तशीच राहील."

तो कागद दिवाणखान्यातल्या भिंतीवर लागला. सातवा नियम असा होता: पटाच्या शेवटच्या ओळीत पोचलेल्या प्याद्याच्या जागी खेळाडूस आपल्या पसंतीचा मोहरा घेता येईल. पुरुषांच्या सामन्यात एका पेन्शनर गृहस्थांचं प्यादं असंच हत्तीच्या घरात पोचलं होतं. तेही जुन्या वळणाचे, सगळी प्यादी एकेक घर चालवणारे. पंच म्हणून बसलेल्या रावसाहेबांनी अदबीने विचारलं होतं, "कोणता मोहरा हवा?" त्यांनी वजीर मागितला, वजीर मिळाला. मी तिथेच होतो.

हळदीकुंकवाच्या दिवशी व्हरांड्यात सतरंजी अंथरली होती. एका बाजूला गौर मांडलेली, आंब्याची डाळ, भिजवलेले हरभरे, पन्ह्याचं पातेलं. चांगला पट आत कुलपात होता; बायकांना जुना दिला, त्यातला एक हत्ती हरवला होता म्हणून त्याच्या जागी कुंकवाचा करंडा ठेवला. वेळ मोजायचं घड्याळही आतच राहिलं. "बायकांना कशाला घड्याळ," असं कुणीतरी म्हणालं आणि त्यावर सगळे हसले. माझी आई रहाटणीहून मुद्दाम आली होती, बाईंचा खेळ बघायला. तिला त्यातलं काही कळत नव्हतं. पदर सावरून ती खांबाला टेकून बसली आणि दिवसभर तिथून हलली नाही.

बाईंनी पहिला डाव जिंकला. शेवटच्या डावाला समोर आल्या मालतीबाई, पिंपरीच्या एका कारखान्यातल्या साहेबांच्या पत्नी. तरुण, शिकलेल्या, पुण्यात वाढलेल्या. चांगल्या खेळत. रावसाहेबांचं त्यांच्या घरी जाणंयेणं होतं, तेही इथे लिहून ठेवतो.

मालतीबाईंनी राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं. बाईंनी एक घर. मालतीबाईंनी दुसरं प्यादं दोन घरं. बाईंनी पुन्हा एक.

कठड्याला टेकलेल्या पुरुषांत कुजबूज झाली. "बाईंचं प्यादं रांगतंय अजून!"

"दोन घरं चालता येतं म्हणावं त्यांना."

"येतं, माहीत आहे मला," बाई मान वर न करता म्हणाल्या. "मला घाई नाही एवढी."

ओसरी बांधून झाली. मालतीबाई तिच्यावर चालून आल्या, आणि एकेक मोहरा तिथे अडकत गेला. उन्हं कलली, पन्हं संपलं, हळदीकुंकू घेऊन निम्म्या बायका घरी गेल्या, उरलेल्या पटाभोवती दाटल्या. पटावर आता दोन राजे आणि मोजकी प्यादी होती. बाईंचं एक प्यादं, सुरुवातीपासून एकेक घर आलेलं, शेवटच्या ओळीत पोचलं. मालतीबाईंचं सगळ्यात पुढचं प्यादं अजून तीन घरं मागे होतं. डाव संपल्यात जमा होता. बाईंनी पटाशेजारी पडलेल्या वजिराला हात घातला.

"थांबा, बाई," रावसाहेब म्हणाले. "प्यादं कुठल्या घरात पोचलंय? घोड्याच्या. मग घोडा घ्या."

"घोडा कसा? नव्या नियमांत मागू तो मिळतो."

"नव्या नियमांत. पण तुम्ही देशी खेळताय ना? पहिल्यापासून एकेक घर चालताय. सुरुवात देशी केलीत, तर शेवटही देशीच होणार."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. आवाज वर्गात असायचा तसाच, स्पष्ट. "एक घर चालायला नव्या नियमांत बंदी नाही, रावसाहेब. आणि पट एकच आहे. एका पटावर दोन कायदे कसे?"

"हा खेळ आहे, बाई, कोर्ट नव्हे. हळदीकुंकवाला जमलोय आपण."

हशा झाला. कठड्यावरून कुणीतरी ओरडलं, "घोडा मिळतोय ना बाई, बसा की त्यावर, पुण्याला पोचाल!"

ज्या बाईने गावातल्या निम्म्या पोरांना अंक शिकवले, तिला, तिच्याच हाताखालून गेलेल्या एखाद्या घोड्याने हे ऐकवावं.

बाई हसल्या नाहीत आणि चिडल्याही नाहीत. "आत भिंतीवर नियम लावलेत. सातवा वाचा."

दिवाणखान्याला कुलूप होतं. किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई बर्फ आणायला स्टेशनवर गेलेला. रावसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मी दिसलो.

"शिवराम, तूच लिहिलेस ना रे नियम? काय आहे सातवा?"

त्या क्षणी सातव्या नियमाचं अक्षर न् अक्षर माझ्या डोळ्यांपुढे उभं होतं. 'पसंतीचा' या शब्दावर शाई जरा जास्त उतरली होती, तेसुद्धा. पण आणखीही एक गोष्ट डोळ्यांपुढे होती. परीक्षा झाली की कारखान्यात कारकुनाच्या जागेसाठी अर्ज करायचा होता, त्याला प्रतिष्ठित माणसाचा वर्तणुकीचा दाखला लागत होता, आणि रावसाहेबांनी तो द्यायचं कबूल केलं होतं. आमच्या घरातली पहिली टेबलखुर्चीची नोकरी.

"आठवत नाही, रावसाहेब," मी म्हणालो. "बघावं लागेल."

"घ्या! लिहिणाऱ्यालाच आठवत नाही. आता कुठे बघत बसता, पाहुणे खोळंबलेत. घोडा घ्या बाई."

बाईंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग वजीर खाली ठेवला आणि घोडा उचलला.

खांबापाशी बसलेली माझी आई बोलली. सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "अवो रावसायब, मला ह्यातलं काय बी कळत न्हाई. पर त्या बाईचं प्यादं एवढ्या लांबनं एकेक पाऊल चालत आलंय, त्ये मी बघितलंय. चालत आलेल्याला कमी देत्यात व्हय?"

कुणीतरी तिला "तुम्ही बसा हो मावशी" म्हटलं. ती बसलेलीच होती.

पुढचं थोडक्यात. घोड्याने जितकं अडवता येतं तितकं बाईंनी अडवलं. पण वजीर असता तर जे प्यादं जागच्या जागी मेलं असतं, ते मालतीबाईंचं प्यादं सरकत सरकत शेवटच्या ओळीत आलं. उंटाच्या घरात. मी रावसाहेबांकडे बघत होतो. वाटलं, आता तरी.

"कोणता मोहरा हवा?" रावसाहेबांनी अदबीने विचारलं.

मालतीबाईंनी क्षणभर मान खाली घातली. त्यांना नियम माहीत होता, हे आजही मी पैजेवर सांगेन. मग त्या म्हणाल्या, "वजीर." आणि पदर नीट केला. सुरुवात नव्या पद्धतीची, म्हणून शेवटही नव्या पद्धतीचा. सहा चालींनी बाईंवर मात झाली. त्यांनी मालतीबाईंना कुंकू लावलं, ओंजळीत हरभरे घेतले आणि घरी गेल्या.

वाचनालयाच्या त्या वर्षीच्या अहवालात एक वाक्य आहे: 'महिलांचा सामना खेळीमेळीत पार पडला.' मी आयुष्यात पुष्कळ वाईट वाक्यं वाचली, पण या एकाइतकी चीड मला कुठल्याच वाक्याची आली नाही. 'खेळीमेळीत' म्हणजे काय? म्हणजे जिच्यावर अन्याय झाला ती ओरडली नाही. आपल्याकडे बाईने आवाज चढवला तर ती भांडखोर, आणि नाही चढवला तर सगळं खेळीमेळीत. मग तिने करावं तरी काय? नियम वाचा म्हणावं, तर ते तिने म्हटलं होतं. वाचणारा कुठे होता?

रावसाहेब दुष्ट होते असं म्हणून मला सुटता येत नाही. त्यांना खरोखरच वाटत असावं, की इतक्या साध्या, हळू, घर आवरल्यासारख्या सुरुवातीतून वजीर निघू शकत नाही. ज्याची सुरुवात दोन घरांची, त्याने मागावं. जो एकेक घर चालत आला, त्याने मिळेल ते घ्यावं. मी पुढे शाळा पाहिल्या, कचेऱ्या पाहिल्या, मुलाखती घेणारी मंडळं पाहिली. भिंतीवर नियम एकच असतो, आणि टेबलाशी दोन असतात. मी स्वतः एकेक घर चालत आलेला. म्हणून तर माझं 'आठवत नाही' जास्त नीच.

त्या संध्याकाळी नदीच्या वाळवंटातून आई आणि मी घरी निघालो. पाणी घोट्याएवढं उरलं होतं. मधल्या धारेशी ती थांबली.

"तुला ठावं व्हतं?"

"हो."

ती पुढे चालू लागली. पलीकडच्या काठावर पोचल्यावर, मागे न बघता म्हणाली, "मंग शिकून काय केलंस रं?"

परीक्षेला मी बसलो. प्रत्येक पेपरला दहा मिनिटं टाक खाली ठेवून वाचत राहिलो, आणि प्रत्येक पेपरला, त्या दहा मिनिटांत, पडवीतला तांदळाचा आवाज ऐकू येत राहिला. बाईंच्या घरी मात्र गेलो नाही. पाय उचलत नव्हते. मे महिन्यात त्यांच्या यजमानांची दौंडला बदली झाली, हे मला दुसऱ्यांकडून कळलं. स्टेशनवर निरोप द्यायलाही मी नव्हतो.

निकाल जूनमध्ये लागला. त्या दिवशी सकाळी निकाल, संध्याकाळी वाचनालय, आणि तिथून परतल्यावर पत्र, असा तो दिवस गेला.

बाईंशी पुढे पोस्टकार्डावर खेळलेल्या डावांची कार्डं माझ्या कपाटात आहेत. एका कार्डावर एक चाल, मग आठ दिवस वाट. अकरा डाव झाले, त्यातले नऊ मी हरलो. अकराही डावांत त्यांची सुरुवात तीच. ते डाव सुरू झाले ते या पत्रामुळे. मसुदा मी जपून ठेवला होता. जसा आहे तसा देतो.

गुरुवर्य यमुनाबाई यांस,
शिवरामचा साष्टांग नमस्कार.

आज निकाल लागला. मी दुसऱ्या वर्गात पास झालो. ही बातमी तुम्हाला पहिली कळवायची होती आणि तुम्हालाच कळवायची भीती वाटत होती.

मला सातवा नियम आठवत होता.

हे मी त्या दिवशी म्हणायला हवं होतं. आज संध्याकाळी वाचनालयात गेलो, खोली भरलेली होती, रावसाहेब वर्तमानपत्र वाचत होते. भिंतीवरचा कागद काढला आणि सातवा नियम मोठ्याने वाचला. कुणीतरी विचारलं, आता काय त्याचं? मी म्हटलं, चैत्रात बाईंनी विचारलं होतं, त्याचं उत्तर आहे. रावसाहेब म्हणाले, "शिवराम, आता फार उशीर झाला." ते खरंच आहे. त्यांनी लिहून दिलेला दाखला मी त्यांच्या टेबलावर ठेवून आलो. माझ्या वर्तणुकीबद्दल त्यात जे लिहिलं होतं, ते खोटं होतं. कारखान्यात अर्ज करणार नाही. आकुर्डीच्या शाळेत मास्तर हवा आहे असं ऐकतो, तिथे जाऊन बघतो.

पुण्याचा सामना होऊन गेला. तो मी तुम्हाला परत आणून देऊ शकत नाही. तिथल्या वीस-पंचवीस जणींत तुम्ही कुठे असता, हे आता कुणालाच कळणार नाही, आणि ते माझ्या एका वाक्यामुळे. क्षमा मागायची हिंमत नाही, म्हणून मागत नाही.

सोबत तो कागद पाठवत आहे. अक्षर तुमचंच आहे, तुमच्याकडेच असावं.

घरी आल्यावर डाव पुन्हा मांडला आहे. मेलेल्या मोहऱ्यांत, पटाबाहेर, हत्तीच्या जागी आईचा कुंकवाचा करंडा ठेवला आहे. बाकी सगळं त्या दिवशी थांबवलं तसं. तुमचं प्यादं शेवटच्या ओळीत, घोड्याच्या घरात उभं आहे. समोरच्या बाजूला मी बसलो आहे, मालतीबाईंपेक्षा पुष्कळच कच्चा. जे पंचाने विचारायचं असतं, ते मीच विचारतो.

बाई, कोणता मोहरा हवा?

आपला विद्यार्थी,
शिवराम